किंबाप: सुशीच्या सावलीतले गैरसमज

किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पानावर भात पसरून, त्यावर भाज्या, अंडे, मांस यांच्या लांब पट्ट्या ठेवून केलेली आणि चकत्या कापून खायची गुंडाळी. कोरियात तो सहलीचा, प्रवासाचा आणि घाईच्या दुपारचा पदार्थ आहे. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ या 2022 च्या मालिकेची नायिका रोज किंबापच खाते, कारण त्याच्या आत काय आहे ते एका नजरेत दिसते. अशा मालिकांमधून तो भारतीय स्वयंपाकघरांत आला खरा, पण आधीपासून ठाऊक असलेल्या सुशीचे नियम त्याला लावले गेले आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघाले.

पहिला अर्थातच ‘कोरियन सुशी’ हा. सुशीच्या भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ असते. किंबापच्या भातात तिळाचे तेल आणि मीठ. कच्चा मासा त्यात सहसा नसतोच. पिवळा खारवलेला मुळा, परतलेले गाजर, उकडलेला पालक, अंड्याची पोळी, कधी परतलेले बीफ, हॅम किंवा माशाच्या लगद्याचा केक असा ऐवज असतो. सोबत सोया सॉस आणि वासाबी देण्याचीही रीत नाही, कारण प्रत्येक जिन्नस आपापले मीठ-तेल घेऊनच भातावर येतो. ही खटपट टाळून सगळ्या भाज्या एकाच कढईत परतल्या, तर किंबाप दिसतो छान, पण लागतो सपक.

मग जपानशी त्याचा काही संबंधच नाही, असेही म्हणता येत नाही. गुंडाळून कापण्याची आजची पद्धत 1910 ते 1945 या जपानी राजवटीत नोरिमाकीवरून, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या सुशीवरून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरा पक्ष कोरियातल्या जुन्या रिवाजाकडे बोट दाखवतो. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पालेभाजीच्या किंवा शेवाळाच्या पानात भात गुंडाळून खाण्याची चाल 1849 च्या ‘तोंगगुक सेसिगी’ या सणवारांच्या ग्रंथात नोंदलेली आहे. घाट जपानी आणि चव कोरियन, असा निवाडा बहुधा सत्याच्या सर्वांत जवळ जातो.

शेवाळाच्या त्या पानाला कोरियात किम म्हणतात. ते समुद्रातल्या एखाद्या वनस्पतीचे अख्खे पान असते, अशी समजूत दिसते. प्रत्यक्षात जाळ्यांवर वाढवलेले शेवाळ बारीक चिरून, पाण्यात कालवून, हातकागदासारखे चौकटीत ओतून वाळवतात. रंगावरून ते हिरवे शेवाळ वाटते, पण त्याचे कूळ लाल शेवाळांचे. भाजल्यावर लाल रंगद्रव्य मोडते आणि हिरवे उठून दिसते. या शेवाळाचे जीवनचक्र फार काळ कोडेच होते. त्याची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात वाढते, हे इंग्रज शास्त्रज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी 1949 मध्ये दाखवून दिले आणि जपान-कोरियातली शेती भरवशाची झाली.

दुकानात मात्र चूक इथेच होते. छोट्या डब्यांत मिळणारे तेल-मीठ लावलेले किम तोंडी लावायचे असते. ते पातळ आणि ठिसूळ असल्याने भाताच्या ओलाव्याने लगेच फाटते. गुंडाळण्यासाठी बिनमिठाचे, जाडसर, साधारण 19 बाय 21 सेंटिमीटरचे भाजलेले पान लागते. त्याची चकचकीत बाजू खाली आणि खरखरीत बाजू वर ठेवून तिच्यावर भात पसरतात.

भाताबद्दलचा गैरसमज अधिक खर्चिक आहे: आयात केलेला ‘सुशी तांदूळ’ नसेल तर किंबाप होतच नाही. खरी अट एवढीच, की शिताने शीत धरून ठेवले पाहिजे. ते तांदळातल्या स्टार्चवर अवलंबून असते. त्यातला अमायलोज हा घटक जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. म्हणून बासमती इथे निरुपयोगी, आणि महाराष्ट्रात सहज मिळणारा इंद्रायणी चांगला कामाचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला हा वाण आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकराचा; त्याचा मऊ, चिकट भात इथे गुणाचाच ठरतो. कोरियन तांदळाच्या मानाने त्याला सुवास अधिक, ही आवडीनिवडीची बाब. चिकट म्हणजे गिचका, असे मात्र नव्हे. रोजच्यापेक्षा पाणी थोडे कमीच घालावे आणि भात न चेंगरता उलथन्याच्या कडेने हलवावा. तो पसरताना कोमट असावा: कढत भाताच्या वाफेने किम आकसते, गार भात पसरत नाही.

तेलाच्या बाबतीत मराठी घर हमखास फसते. तिळाचे तेल घरात असतेच, मग वेगळे कशाला? घाण्याचे फिके तेल बहुधा न भाजलेल्या तिळांचे असते. कोरियन तेल खमंग भाजलेल्या तिळांचे, तपकिरी आणि तीव्र वासाचे. ते तळणीसाठी नसून शेवटी चमचाभर घालायचे असते. दोन वाट्या भाताला एक चहाचा चमचा पुरतो. ते मिळाले नाही, तर घाण्याच्या तेलासोबत भाजून भरड कुटलेले तीळ भातात घालावेत. वास तंतोतंत येत नाही, पण दिशा बरोबर राहते.

चटई नसेल तर किंबाप सुटतो, हीही समजूतच. बांबूची चटई सोय आहे, गरज नाही. कोरियात सराईत हात तिच्याविनाही वळतात. गुंडाळी सुटते ती ओलाव्याने आणि हावरेपणाने. पालक उकडून मुठीत घट्ट पिळावा, काकडीच्या बिया काढून तिला मीठ लावून पाणी सोडू द्यावे, मुळा कापडावर टिपून घ्यावा. एका पानाला बेताचाच भात घेऊन, खालून किम अंधुक दिसेल इतका पातळ पसरावा आणि पलीकडच्या कडेला दोन बोटे जागा मोकळी सोडावी. अलीकडची कड उचलून सारणाच्या पलीकडे भाताला टेकवली आणि बोटांनी मागे ओढून दाबली, की पुढचे वळणे सोपे होते. मोकळ्या कडेवर पाण्याचे बोट फिरवून गुंडाळी जोड खाली करून पाच मिनिटे ठेवावी. सुरीला तेल लावून, दर दोन-तीन चकत्यांनंतर ती पुसून कापावे. सुरी दाबली की चकती चपटी होते. ती पुढे-मागे ओढायची असते.

शाकाहारी किंबाप ‘खरा’ नाही, असे म्हणायला आधार नाही. मुळा, गाजर, पालक आणि तळलेला तोफू एवढ्यावर तो पूर्ण होतो. उलट सावध राहायचे ते खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या कांड्यांपासून: त्या माशाच्या लगद्याच्या असतात. शेवाळामुळे आयोडीनचा अतिरेक होईल ही भीती केल्पसारख्या तपकिरी शेवाळांना लागू पडते. किममध्ये त्यांच्या मानाने आयोडीन फारच कमी असते आणि अख्खे पान जेमतेम दोन-तीन ग्रॅमचे.

राहिला टिकण्याचा प्रश्न. खारवलेला मुळा आणि तेल असल्याने किंबाप दिवसभर राहतो, ही समजूत सर्वांत धोक्याची. शिजलेला भात आणि अंडे उबेत ठेवले की जिवाणूंचे फावते. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोलजवळच्या सोंगनाम शहरात किंबाप खाऊन दोनशेहून अधिक लोक साल्मोनेलाने आजारी पडले होते. दक्षिणेकडच्या थोंगयोंग बंदरातला छुंगमू किंबाप टिकण्याच्या याच अडचणीतून पूर्वी घडला, असे सांगतात. त्यात किममध्ये नुसता भात असतो. तिखट माकूळ आणि मुळ्याची किमची वेगळी वाढतात, म्हणजे बोटीवर सारण भातात आंबत नाही. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात केलेला किंबाप दोन तासांच्या आत संपवावा. फ्रिजमध्ये तो सुरक्षित राहतो, पण थंडीने स्टार्च पुन्हा घट्ट होऊन भात टणक होतो. अशा उरलेल्या चकत्या कोरियात फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर दोन्ही बाजूंनी परततात; उष्णतेने भात पुन्हा मऊ होतो.