विश्लेषण : पहिल्या वर्षी घसरलेला बीएस्सीचा विद्यार्थी पुन्हा वर येऊ शकतो का? कॉलेज आणि विषय निवडताना काय पाहावे?

नाशिकमध्ये विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलांचे पहिले लक्ष्य बहुधा ‘नीट’ किंवा एमएचटी-सीईटी असते. तिथे नंबर लागला नाही की बीएस्सीला प्रवेश घेतला जातो. अनेक जण पहिल्या वर्षी पुन्हा ‘नीट’चीच तयारी करतात, प्रॅक्टिकल बुडतात आणि वर्षाअखेरीस गुणपत्रिकेवर पाच-साडेपाचचा सीजीपीए किंवा एटीकेटी दिसते. ‘आता पुढे काही होणार नाही’ असा समज घरातही होतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी रचनेत हा समज किती खरा आहे?

पहिल्या वर्षाचा फटका किती?

सीजीपीए म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांची श्रेयांकांनुसार काढलेली सरासरी. समजा, सहा सत्रांचे श्रेयांक सारखे आहेत. पहिल्या दोन सत्रांत ५.५ मिळाले आणि उरलेल्या चार सत्रांत ८.५ मिळाले, तर सरासरी बरोबर ७.५ येते. मात्र सुधारणा तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवली, म्हणजे चार सत्रे ५.५ वरच राहिली, तर शेवटच्या दोन सत्रांत पैकीच्या पैकी १० मिळवूनही सरासरी ७ पर्यंतच पोहोचते. त्यामुळे सावरण्याची खरी वेळ दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राची असते.

७.५ या आकड्याला एवढे महत्त्व का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केल्यास ‘ऑनर्स’ पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील, तर ‘संशोधनासह ऑनर्स’ करता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षाची होते. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असतील, तर एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते.

नाशिकमध्ये कॉलेज निवडताना काय पाहावे?

शहरात विज्ञान शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कॉलेज रोडवरील एचपीटी-आरवायके महाविद्यालयाची सुरुवात १९२४ मधली, तर गंगापूर रोडवरील केटीएचएम १९६९ चे. नाशिकरोड, पंचवटी, भोसला परिसर आणि तालुक्यांच्या गावांतही विज्ञान महाविद्यालये आहेत. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. जिथे विद्यापीठाचाच अभ्यासक्रम चालतो, तिथे मोठ्या नावाच्या आणि लहान कॉलेजचा अभ्यासक्रम एकच असतो. फरक पडतो तो पुढील गोष्टींनी.

पहिली गोष्ट म्हणजे स्वायत्तता. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. दुसरी, शिक्षक. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे थेट विचारावे. तिसरी, संशोधन. ‘संशोधनासह ऑनर्स’ देणाऱ्या विभागात किमान दोन मान्यताप्राप्त पीएचडी मार्गदर्शक असावेत, अशी यूजीसीची मार्गदर्शक सूचना आहे. चौथे वर्ष करायचे असेल, तर ही सोय आपल्या विषयात आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे. ‘नॅक’ची श्रेणी उपयोगी असली, तरी ती संपूर्ण संस्थेची असते. तुमच्या विषयाची प्रयोगशाळा कशी आहे, हे त्यातून कळत नाही.

प्रवासाचा हिशेबही महत्त्वाचा. पेठ, सुरगाणा किंवा कळवणहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाचे सकाळचे प्रॅक्टिकल बुडत असेल, तर शहरातील नामांकित कॉलेजपेक्षा तालुक्याचे कॉलेज किंवा वसतिगृह गुणांसाठी अधिक लाभाचे ठरते.

विषय कोणता घ्यावा?

विज्ञान शाखेत पहिल्या वर्षी साधारणपणे तीन विषय असतात. पुढे त्यांतील एक मुख्य (मेजर) आणि एक दुय्यम (मायनर) होतो. पहिल्या वर्षी तिन्ही विषयांत गुण कमी असले, तरी सारखे कमी क्वचितच असतात. ज्यात प्रॅक्टिकल आणि लेखी दोन्ही तुलनेने बरे गेले, तो मेजर ठेवणे शहाणपणाचे. मित्र-मैत्रिणींनी घेतला म्हणून विषय घेतल्यास पुढील वर्षांचे सर्वाधिक श्रेयांक नावडत्या विषयात अडकतात.

फीचाही फरक आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांसारखे विषय बऱ्याच ठिकाणी अनुदानित असतात. संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांसारखे अभ्यासक्रम अनेकदा विनाअनुदानित असल्याने फी जास्त असते. नोकरीचा विचार करता सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती आणि जिल्ह्यातील द्राक्ष-कांदा प्रक्रिया उद्योगांत रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना गुणवत्ता तपासणीची कामे मिळू शकतात. नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. ते कागदोपत्री न उरकता अशा ठिकाणी केले, तर गुण आणि अनुभव दोन्ही हाती लागतात.

कॉलेजबाहेरून श्रेयांक मिळतात का?

होय. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली. मात्र ते आपोआप जोडले जात नाहीत. तो अभ्यासक्रम आपले कॉलेज आणि विद्यापीठ स्वीकारते का, हे नोंदणीआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. मिळालेले श्रेयांक ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात.

मध्येच कॉलेज बदलावे का?

दुसऱ्या वर्षासाठी बदल शक्य असतो, पण त्यासाठी जागा रिकामी आणि विषयांची जोडी जुळणारी हवी. स्वायत्त कॉलेजमधून संलग्न कॉलेजात किंवा उलट जाताना अभ्यासक्रम वेगळा असल्याने जादा विषय द्यावे लागू शकतात. एटीकेटी शिल्लक असेल, तर आधी ती सोडवावी. केवळ नावासाठी कॉलेज बदलल्याने जुने गुण बदलत नाहीत. काही कारणाने शिक्षण थांबवावे लागले, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करता येते.

सीजीपीए तरीही कमीच राहिला तर?

आयआयटींमधील एमएस्सीसाठी ‘जॅम’ आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी-पीजी’ या परीक्षा आहेत. तिथे निवड मुख्यतः प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होते. ‘जॅम’मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणिती संख्याशास्त्र, जैवतंत्रज्ञान, भूविज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात पेपर आहेत. प्रत्येक संस्थेची किमान पात्रता मात्र स्वतंत्रपणे तपासावी लागते. या परीक्षांचा पाया पदवीचाच अभ्यास असल्याने दुसऱ्या वर्षापासून मेजर विषय नीट केला, तर सीजीपीए आणि प्रवेश परीक्षा या दोन्हींची तयारी एकाच वेळी होते. बारावीचे गुण आणि ‘नीट’चा निकाल बदलता येत नाही, पण पहिल्या वर्षानंतर उरलेली चार सत्रे अजून विद्यार्थ्याच्याच हातात असतात.