नगराचा कारभार एकाच्या हातीं द्यावा काय?

महापौर थेट मतदारांनीं निवडावा आणि आयुक्ताचे सर्व अधिकार त्याच्या स्वाधीन करावे, ही सूचना आपल्याकडे अधूनमधून पुढें येते. तिच्यामागील त्रागा समजण्यासारखा आहे. भाईंदर पूर्वेच्या खारी गांवांत गटार तुंबलें म्हणजे रहिवासी नगरसेवकाचें दार ठोठावतो; परंतु नगरसेवकाच्या हातीं ठराव आणि विनंती यांपलीकडे फारसें कांहीं नसतें. अंमलबजावणी राज्य सरकारनें नेमलेल्या आयुक्ताकडे. महापौराचा मान मोठा, मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराचा अधिकार जवळजवळ शून्य. तेव्हां अमेरिकेंतील कांहीं नगरांप्रमाणें समर्थ महापौर आणावा, असें लोक म्हणतात. औषध मात्र रोगाहून घातक आहे, असें माझें मत आहे.

सत्तेची ही वांटणी कोठून आली हें पाहण्यासारखें आहे. १८६५ च्या कायद्यानें मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हातीं जवळजवळ निरंकुशपणें देण्यांत आला. आर्थर क्रॉफर्ड हे ते गृहस्थ. कर्तबगारी निर्विवाद, आज महात्मा जोतीबा फुले यांचें नांव धारण करणारी मंडई त्यांच्याच कारकीर्दींत उभी राहिली. देखरेखीस 'जस्टिस' मंडळींची सभा होती खरी, पण ती सरकारनें नेमलेली आणि तिचा वचक नांवापुरता. खर्च हाताबाहेर गेला, करांचा बोजा वाढला, आणि १८७१ सालीं करदात्यांनीं गिल्ला केला. क्रॉफर्ड यांना जावें लागलें.

त्या गदारोळांत तरुण फिरोजशहा मेहता यांनीं एक बारीक गोष्ट हेरली. अंमल करणारा हात एकच असावा हें त्यांना मान्य होतें. दोष एवढाच कीं, त्या हातावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा अंकुश नव्हता. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची सभा आली व त्यांतील निम्मे करदात्यांनीं निवडले. पुढें १८८८ च्या कायद्यानें महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशीं तीन अधिकारस्थानें केलीं. घरांत तिजोरीची किल्ली एकाकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे असावी, तसाच हा प्रकार. १९४९ च्या कायद्यानें हाच सांचा इतर शहरांना मिळाला, आणि २००२ सालीं महानगरपालिका झालेलें मीरा-भाईंदर त्याच कायद्याखालीं आहे. स्थायी समितीचे १६ सभासद, त्यांतील निम्मे दरवर्षीं निवृत्त. मोठ्या रकमेचे करार त्यांच्यापुढें यावे लागतात.

अंकुश नसला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास १८७१ पर्यंत मागें जाण्याचीही गरज नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्यें. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळांत प्रशासक हाच महासभा आणि प्रशासक हाच स्थायी समिती. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच! ठोठावण्यास नगरसेवकाचें दारही उरलें नव्हतें. तो काळ कंठलेल्या नागरिकांनीं एकहातीं कारभाराचा मोह धरावा, याचें मला नवल वाटतें.

थेट निवडलेला महापौर निदान लोकांना जबाबदार राहील, असा आक्षेप येईल. कोणत्या लोकांना? २०११ च्या शिरगणतींत या शहराची वस्ती ८ लाख ९ हजारांवर होती. खारी, गोडदेव, नवघर हीं जुनीं गांवें आतां उंच इमारतींच्या दाटींत बुडालीं आहेत. सबंध शहराच्या मतांवर निवडून येणाऱ्या उमेदवारास तीं वगळूनही विजय मिळवतां येईल. ९५ नगरसेवकांच्या सभेंत मात्र त्यांचा प्रतिनिधी बसतोच. त्या सभेचें वजन घटलें कीं आधीं त्यांचा आवाज घटतो.

आपल्या राज्यानें असे प्रयोग केलेही आहेत. मुंबईंत १९९८ सालीं महापौर परिषद आणली, १९९९ सालीं मोडली. नगराध्यक्षाची थेट निवड १९७४ सालीं झाली, २००१ मध्यें पुन्हां आली. २०१६ मध्यें परत आणली, २०२० मध्यें रद्द केली, २०२२ मध्यें पुन्हां लागू केली. या येरझाऱ्यांत नगराच्या हितापेक्षां सत्ताधारी पक्षाची सोयच अधिक दिसते. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचें, अशी कोंडी तर या रचनेच्या पोटींच आहे. परदेशींही सर्वांस हा मार्ग रुचलेला नाहीं: अमेरिकेंतील डॅलसच्या मतदारांनीं २००५ सालीं समर्थ महापौराची योजना दोनदां फेटाळली, इंग्लंडांतील ब्रिस्टलनें २०१२ मध्यें थेट महापौर स्वीकारला आणि २०२२ मध्यें मतदानानेंच तें पद रद्द करण्याचें ठरविलें.

मग आहे तेंच बरें काय? मुळींच नाहीं. नवी मुंबईच्या सभेनें २०१६ सालीं आयुक्ताविरुद्ध अविश्वासाचा ठराव मंजूर केला. राज्य सरकारनें तो निलंबित केला. खरें दुखणें तेथें आहे. आयुक्ताची नेमणूक सभेच्या संमतीनें व्हावी, ठरलेल्या बहुमताचा अविश्वास सरकारवरही बंधनकारक असावा, आणि मुदत संपल्यावर निवडणूक लांबविण्याची वाट कायद्यानें बंद करावी. क्षेत्रसभांची तरतूद कायद्यांत आहेच. ती खारीच्या गल्लींत उतरवावी, म्हणजे तुंबलेल्या गटाराची तक्रार चारचौघांत मांडली जाईल आणि तिचें उत्तर लेखी द्यावें लागेल.