नऊ पिनांचा खेळ आणि त्यांतील एकेरी सामना

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं लगोरी खेळलेली आहे. चपट्या दगडांची उतरंड रचावयाची व ठराविक अंतरावरून चेंडू मारून ती पाडावयाची, हा त्या खेळाचा आरंभ होय. रचलेली वस्तु दुरून नेम धरून पाडण्यांत मनुष्यास जो आनंद होतो, तो कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नाहीं. मध्य युरोपांतील लोकांनीं याच आनंदांतून एक खेळ घडविला, त्यास मापें व नियम लाविले, आणि अखेर त्याची जागतिक स्पर्धा सुरू केली. तो नऊ पिनांचा खेळ होय. आमच्या देशांत तो फारसा परिचित नाहीं. म्हणून त्याचें स्वरूप व विशेषतः त्यांतील पुरुषांच्या एकेरी सामन्याची रीत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम साहित्य पाहूं. या खेळाची पट्टी लांब, अरुंद व गुळगुळीत असते. पट्टीच्या आरंभापासून सर्वांत पुढील पिनेपर्यंतचें अंतर १९.५ मीटर, म्हणजे सुमारें ६४ फूट असतें. क्रिकेटमध्यें दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधील अंतर ६६ फूट असतें, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें या पट्टीचें चित्र सहज उभें राहील. पट्टीच्या शेवटीं नऊ पिना उभ्या असतात. पिन म्हणजे मध्यें फुगीर व वर मानेसारखी निमुळती, सुमारें ४० सेंटिमीटर उंचीची बाहुलीच म्हणा ना! त्यांची मांडणी चौकोनी असून चौकोनाचा एक कोपरा खेळाडूकडे असतो. त्यामुळें खेळाडूच्या दृष्टीनें पहिल्या रांगेंत एक, दुसरींत दोन, तिसरींत तीन, चौथींत दोन व शेवटीं एक, अशा त्या दिसतात. अगदीं मधली पिन इतरांहून किंचित उंच असते. तिला ‘राजा’ म्हणतात.

चेंडू भरीव असून त्याचा व्यास १६ सेंटिमीटर व वजन सुमारें २.८ किलो असतें. अमेरिकेंतून जगभर पसरलेल्या दहा पिनांच्या खेळांतील चेंडू याहून पुष्कळ मोठा व जड असतो, आणि तो धरण्यासाठीं त्यास बोटांचीं छिद्रें असतात. नऊ पिनांच्या चेंडूस छिद्र नसतें. तो तळहातावर पेलावा लागतो, आणि चार पावलें धांवत येऊन, खालीं वाकून, आवाज न करतां जमिनीवर सोडावा लागतो. चेंडू उंचावरून आपटणें अथवा मर्यादेच्या रेषेपुढें पाय टाकणें हा दोष होय.

आतां गुण कसे मोजतात तें पाहूं. कारण या खेळाची सारी खुबी येथेंच आहे. खेळाडूस एका पट्टीवर ३० फेंकी मिळतात व त्या १२ मिनिटांत पुऱ्या कराव्या लागतात. म्हणजे एका फेंकीस सरासरी २४ सेकंद झाले. यांपैकीं पहिल्या १५ फेंकी ‘भरल्या डावा’च्या. यांत प्रत्येक वेळीं नऊही पिना पुन्हां उभ्या केल्या जातात, आणि जितक्या पडतील तितके गुण मिळतात. उरलेल्या १५ फेंकी ‘साफ करण्या’च्या. यांत पडलेल्या पिना बाजूस राहतात व उरलेल्यांवरच पुढील चेंडू टाकावा लागतो. नऊही पडल्या म्हणजेच नवी मांडणी होते.

भरल्या डावांत खेळाडू सहसा पुढील पिनेवर सरळ चेंडू मारीत नाहीं; ती पिन व तिच्या मागील बाजूची पिन यांच्या मधल्या फटींत तो चेंडू घालूं पाहतो. कारण उघड आहे. एवढ्याशा चेंडूनें नऊ पिनांना स्पर्श करणें अशक्य आहे. कांहीं पिना चेंडूनें पडाव्यात व त्यांनीं आपल्या शेजाऱ्यांस पाडावें, अशी योजना असावी लागते. साफ करण्याच्या भागांत मात्र नुसतें बळ व नेम पुरत नाहीं, तेथें विचार लागतो. समजा, पहिल्या चेंडूनें सात पिना पडल्या. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु उरलेल्या दोन जर डाव्या व उजव्या टोंकांस एकेक अशा उभ्या राहिल्या, तर त्यांसाठीं बहुधा दोन चेंडू खर्ची पडतात. उलट दुसऱ्या खेळाडूच्या सहाच पडल्या, पण उरलेल्या तीन एकमेकींस लागून राहिल्या, तर एकाच चेंडूनें त्याचें काम होतें. पहिल्यास नऊ गुणांसाठीं तीन चेंडू लागले, दुसऱ्यास दोनच. म्हणजे आज किती मिळालें एवढेंच न पाहतां मागें काय उरलें हेंही पाहावें लागतें.

गणिताची आवड असलेल्या मुलांनीं पुढील हिशेब करून पाहावा. प्रत्येक चेंडूस नऊ पिना पडल्या, तर ३० फेंकींत २७० गुण होतील. पूर्ण एकेरी खेळांत खेळाडूस चार पट्ट्यांवर प्रत्येकीं ३०, अशा एकंदर १२० फेंकी मिळतात. म्हणजे कल्पनेंतील परमावधि १०८० झाली. प्रत्यक्षांत ६०० च्या पुढें जाणारा खेळाडू चांगला समजला जातो, आणि ७०० चा आंकडा मोठमोठ्या खेळाडूंसही क्वचितच गांठतां येतो. पूर्णता व पराक्रम यांमधील हें अंतर लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या खेळाचा इतिहासही मनोरंजक आहे. जर्मनींत फार प्राचीन काळीं हा खेळ मठांच्या व देवळांच्या आवारांत खेळला जात असे, आणि पिन पाडणें म्हणजे पापाचा पाडाव करणें असा त्याचा अर्थ लावीत असत, अशी परंपरागत कथा आहे. मार्टिन ल्यूथर यांनीं आपल्या घरच्या मुलांसाठीं पट्टी तयार करविली होती व पिनांची संख्या नऊ अशी त्यांनींच कायम केली, असेंही सांगतात. या कथा आम्ही कथा म्हणूनच देतों. मात्र जर्मन लोक जेथें जेथें वसावयास गेले, तेथें तेथें हा खेळ त्यांजबरोबर गेला, हें निश्चित.

अमेरिकेंत त्याच्या वाट्यास निराळेंच प्राक्तन आलें. खेळाच्या भोंवतीं पैजा व जुगार माजले, आणि इ. स. १८४१ मध्यें कनेक्टिकट संस्थानानें नऊ पिनांच्या पट्ट्यांस कायद्यानें बंदी केली. लोकांनीं मग एक पिन वाढवून कायद्यास बगल दिली व दहा पिनांचा खेळ जन्मास आला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु दहा पिनांचा खेळ या कायद्याच्या पूर्वींही ठाऊक होता, असें अभ्यासक दाखवून देतात. गोष्टीचें तात्पर्य मात्र खोटें नाहीं. खेळ स्वतः निर्दोष असला तरी जुगाराची संगत त्याचें नांव बुडविते.

येथें आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. आज पडलेल्या पिना दोरीनें वर ओढून पुन्हां जागच्या जागीं ठेवणारीं यंत्रें आहेत. परंतु हीं यंत्रें येण्यापूर्वीं तें काम मुलें करीत. पट्टीच्या टोंकाशीं बसावयाचें, चेंडू धडकला कीं धांवत जाऊन पिना उभ्या करावयाच्या व चेंडू परत पाठवावयाचा, हाच त्यांचा उद्योग. अमेरिकेंत इ. स. १९१० च्या सुमारास ल्यूइस हाइन या छायाचित्रकारानें अशा मुलांचीं छायाचित्रें काढलीं. रात्रीं उशिरांपर्यंत काम करणाऱ्या त्या लहानग्यांचे थकलेले चेहरे पाहून बालश्रमाचा प्रश्न लोकांच्या मनावर ठसण्यास मोठें साहाय्य झालें. इ. स. १९४६ मध्यें पिना मांडणारें स्वयंचलित यंत्र अमेरिकेंत लोकांपुढें आलें, आणि पुढें अशा यंत्रांनीं त्या मुलांची जागा घेतली. एकाचा खेळ हा दुसऱ्या बालकाच्या झोंपेचा व शिक्षणाचा बळी घेऊन चालत असेल, तर त्या खेळास निर्दोष कसें म्हणावें? आपल्या करमणुकीमागें कोणाचे श्रम उभे आहेत, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें.

नऊ व दहा पिनांच्या खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना इ. स. १९५२ मध्यें जर्मनींतील हांबुर्ग शहरीं स्थापन झाली. त्यानंतर एकच वर्षानें, १९५३ सालीं, नऊ पिनांच्या ज्या प्रकाराचें वर्णन आम्हीं वर केलें त्याची पहिली जागतिक स्पर्धा बेलग्रेड येथें भरली. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया, स्लोव्हेनिया, चेकिया, स्लोव्हाकिया, रुमानिया व पोलंड हे देश या खेळांत विशेष पुढें आलेले आहेत. एकविसाव्या शतकांत संघांची स्पर्धा विषम सालीं व व्यक्तींची स्पर्धा सम सालीं भरविण्याचा प्रघात पडला. त्यानुसार व्यक्तींच्या स्पर्धा २०१० मध्यें ऑस्ट्रियांतील रिट्झिंग, २०१२ मध्यें पोलंडमधील लेश्नो, २०१४ मध्यें चेकियांतील बर्नो, २०१६ मध्यें क्रोएशियांतील नोविग्राद व २०१८ मध्यें रुमानियांतील क्लूज-नापोका येथें झाल्या. सर्बियाचा विल्मोश झावार्को हा अनेक वेळां जागतिक विजेता ठरलेला खेळाडू या काळांत विशेष गाजला.

एकेरी स्पर्धेंत आरंभीं निवडीची फेरी होते. तींत ज्याचे त्याचे गुण मोजून वरचे खेळाडू पुढें घेतात. मग दोघादोघांच्या जोड्या लावितात. जो हरला तो स्पर्धेंतून गेला, जो जिंकला तो पुढें. दोघे प्रतिस्पर्धी शेजारशेजारच्या पट्ट्यांवर एकाच वेळीं खेळतात व दर ३० फेंकींनंतर पट्ट्या बदलतात, म्हणजे पट्टीच्या गुणदोषांचा लाभ वा तोटा एकट्याच्याच पदरीं पडत नाहीं. प्रत्येक ३० फेंकींचा एक डाव. डावांत ज्याच्या पिना अधिक, त्यास एक डावगुण. समान झाल्यास दोघांस अर्धा अर्धा. चार डावांअंतीं ज्याचे डावगुण अधिक तो विजयी. दोघांचे दोन दोन झाले, तरच एकंदर पिनांची बेरीज पाहतात.

या नियमाचा परिणाम एका उदाहरणानें स्पष्ट करूं. समजा, ‘अ’ या खेळाडूच्या चार डावांत १५५, १५२, १५० व १३० पिना पडल्या, आणि ‘ब’ याच्या १५०, १४८, १४७ व १६५ पडल्या. बेरीज केली तर ‘अ’च्या ५८७ व ‘ब’च्या ६१० होतात. ‘ब’ २३ पिनांनीं पुढें आहे. तथापि पहिले तीन डाव ‘अ’नें जिंकल्यामुळें सामना ‘अ’चा झाला. ज्यानें अधिक पिना पाडल्या तो हरला!

हा न्याय कीं अन्याय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आणि तो विचारण्यासारखाच आहे. ‘ब’च्या बाजूनें असें म्हणतां येईल, कीं एकशें वीस चेंडूंच्या श्रमाचें मोल बेरजेंतच आहे. तें खोटें नाहीं, आणि निवडीच्या फेरींत हेंच तत्त्व मानलेलें आहे. परंतु दुसरीही बाजू पाहावी. आपल्या परीक्षेंत गणितांत शंभरांपैकीं नव्वद गुण मिळवून जो भाषेंत नापास होतो, त्याची बेरीज मोठी असूनही आपण त्यास सरसकट उत्तीर्ण करीत नाहीं. एका दिवसाचा मोठा पराक्रम हा इतर दिवसांच्या ढिलाईचें प्रायश्चित्त होऊं शकत नाहीं, हें तत्त्व आपण शाळेंत मानतों. तेंच येथेंही लागू केलेलें आहे. शिवाय या रीतीनें पडलेल्यास उठण्याची संधि मिळते. एखादा डाव अगदींच बिघडला, तरी नुकसान एका डावगुणापुरतेंच राहतें. पुढच्या पट्टीवर दोघेही पुन्हां शून्यापासून आरंभ करतात. तेव्हां नियम कठोर आहे तसाच दयाळूही आहे.

या खेळाचें आणखी एक वैशिष्ट्य सांगून हा लेख पुरा करतों. कुस्तींत प्रतिस्पर्धी आपणांस पाडतो, हुतूतूंत पाय धरतो, क्रिकेटमध्यें आपल्या यष्टीवर चेंडू टाकतो. येथें शेजारचा खेळाडू माझ्या पिनांस, माझ्या चेंडूस वा माझ्या हातास स्पर्शही करूं शकत नाहीं. त्याच्या पट्टीवर नऊ पिना धडाधड कोसळल्या, तरी माझ्या पट्टीवरील एकही पिन त्यामुळें अधिक घट्ट उभी राहत नाहीं. तो आवाज कानांवर आला म्हणजे माझा हात थरथरतो कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न. हरणारा बहुधा दुसऱ्याच्या बळानें हरत नाहीं. दुसऱ्याकडे पाहून आपली पावलें चुकवितो, म्हणून हरतो.

आमच्या विद्यार्थ्यांस नऊ पिनांची पट्टी पाहावयास मिळेल किंवा न मिळेल. परंतु परीक्षेच्या दालनांत शेजारचा मुलगा पुरवणी मागतांना ऐकून ज्यांची लेखणी अडते, त्यांनीं या खेळाडूंचें स्मरण करावें. पालकांनींही मुलाची तुलना शेजाऱ्याच्या मुलाशीं करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. ज्याची पट्टी त्याची, ज्याचे चेंडू त्याचे. आपल्यासमोर उभ्या असलेल्या पिनांकडे लक्ष ठेवून हातांतला चेंडू शांतपणें सोडावा, एवढेंच प्रत्येकाच्या हातीं आहे, आणि तेवढें पुष्कळ आहे.