नऊ ग्रॅम कुणाच्या मीटरवर?

येवल्याला बाहेरची माणसं येतात ती पैठणीसाठी. मी गेले ती एका मुलाने फोनवर सहज टाकलेल्या वाक्यामुळे: "ताई, कोड लिहायला लागत नाही तेवढा वेळ त्याची वीज मोजायला लागतो." मुलगा दिवसा नोकरी करतो आणि रात्री ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघावा, वापरावा, सुधारावा अशा सॉफ्टवेअरवर. विणकराच्या घरात बसून कुणी सॉफ्टवेअरचा कार्बन मोजतोय म्हटल्यावर राहवेना.

पुढच्या खोलीत विणकर अण्णांचा खड्डामाग, त्यावर मोरांचा पदर निम्मा विणून झालेला. मागच्या खोलीत मुलाचं टेबल. लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा, त्याची एक बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वॅट दाखवणारा छोटा मीटर आणि त्यात लॅपटॉपची पिन. बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी लागते. नाहीतर चार्जिंगला गेलेली वीजही सॉफ्टवेअरच्या नावावर चढते. ब्राउझर बंद, वायफाय बंद, स्क्रीनचा उजेड ठरलेला. लॅपटॉप नुसता चालू असताना मीटरवर ९ वॅट दिसत होते. मग त्याने बिल्ड सुरू केला, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचं काम. लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागला आणि आकडा चढत चढत ३८ वर जाऊन रेंगाळला.

पंचवीस मिनिटांनी बिल्ड संपला. हिशेब त्याने शंभर पानी वहीत केला. वाढीव वीज २९ वॅट, वेळ २५ मिनिटं, म्हणजे सुमारे १२ वॅट-तास. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इथून जवळ, नाशिकच्या अलीकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसाच जळतो, त्यामुळे हा आकडा कुठून येतो ते येवल्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गुणाकाराचं उत्तर आलं जेमतेम नऊ ग्रॅम.

अण्णा चौकटीला टेकून ऐकत होते. जर ग्रॅमवर तोलून घेणारा माणूस; ग्रॅम म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळतं. "नऊ ग्रॅम? आणि त्यासाठी एवढा खटाटोप?"

"एका बिल्डचे नऊ, अण्णा. आणि एकदा मोजून भागत नाही."

तेच काम पुन्हा पुन्हा, तीस-तीस वेळा चालवून सरासरी काढायची. ही शिस्त त्याने केडीई या जुन्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या लोकांकडून उचलली. माणसाच्या बोटांऐवजी स्क्रिप्ट क्लिक करते, म्हणजे प्रत्येक फेरी सारखी होते. याच पद्धतीने मोजलेल्या त्यांच्या ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅमला २०२२ साली जर्मनीचं 'ब्लू एंजल' हे सरकारी पर्यावरणचिन्ह मिळालं. हे चिन्ह मिळवणारा तो पहिलाच संगणक प्रोग्रॅम.

चौथ्या फेरीला वीज गेली. इन्व्हर्टरने भार घेतला, लॅपटॉप बंद पडला नाही, पण मुलगा वैतागला. मीटर आहे इन्व्हर्टरच्या पुढे. इन्व्हर्टरची बॅटरी भरताना आणि उतरताना जी वीज वाया जाते ती त्याला दिसतच नाही. मीटर मागे लावावा तर घरातला पंखा आणि अण्णांच्या मागावरचा दिवा हिशेबात घुसतात. त्याने ती फेरी वहीत आडवी रेघ मारून बाद केली. केडीईच्या बर्लिनमधल्या मोजणीच्या खोलीत असल्या रेघा फारशा पडत नसाव्यात.

खरी अडचण तर घराबाहेर आहे. ओपन सोर्समध्ये कुणी दोन ओळी बदलून पाठवल्या की दूरच्या सर्व्हरवर चाचण्या आपोआप सुरू होतात, कधी तीन-तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर. खुल्या प्रकल्पांना ही सोय बहुधा फुकट मिळते. फुकट म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून आकडा नाही. सर्व्हर नॉर्वेत असेल तर वीज धरणाची आणि कार्बन नगण्य. कोळशाच्या ग्रीडवर असेल तर त्याच चाचणीला कित्येक पट.

अण्णांनी एवढंच विचारलं, "मग ती वीज कुणाच्या मीटरवर पडली?"

मुलगा गप्प. मला वाटतं, या सगळ्या विषयात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरला मालक असतो, त्याला अहवाल मागता येतो. इथे हजारो माणसं आपापल्या घरून, आपापल्या मीटरवर काम करतात आणि तयार झालेली वस्तू सगळ्यांची असते. सगळ्यांची म्हणजे हिशेबापुरती कुणाचीच नाही.

यावर एक सूत्र निघालंय. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने मांडलेलं हे सूत्र २०२४ मध्ये आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. वापरलेली वीज गुणिले त्या विजेचा कार्बन, अधिक यंत्र बनवताना झालेल्या कार्बनचा वाटा, आणि या सगळ्याला भागिले एक ठरलेलं माप: एक वापरकर्ता, एक बिल्ड, काहीही. झाडं लावल्याचं दाखवून आकडा खाली आणायची सोय त्यात नाही, हे मला विशेष आवडलं.

पण सूत्रातलं 'अधिक' लिहिल्यावर वहीतला हिशेबच फिरतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांचेच अहवाल पाहिले तर एका यंत्राच्या निर्मितीचा कार्बन साधारण दीडशे ते तीनशे किलो. मधला २०० किलो धरला तर तेवढ्यात आपल्या नऊ ग्रॅमचे बावीस हजार बिल्ड बसतात. रोज दहा बिल्ड केले तरी सहा वर्षं. मुलाने हा भागाकार माझ्यासमोर दोनदा तपासला. रात्र रात्र जागून नऊचे आठ ग्रॅम करण्यापेक्षा नवा लॅपटॉप न घेण्यात जास्त कमाई आहे, हे त्याच्याच वहीने सांगितलं. ब्लू एंजलवाल्यांनाही हे पटलेलं दिसतं: सॉफ्टवेअर निदान पाच वर्षं जुन्या यंत्रावर चाललंच पाहिजे, अशी त्यांची अट आहे.

म्हणून मोजणी वाया जाते असं मी म्हणणार नाही. मोजलं नसतं तर वीज किती किरकोळ आणि यंत्र किती महाग, हे कळलंच नसतं. त्याचा तो बिजागरी बांधलेला लॅपटॉप आजही लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर तेच काम करतो. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, पण धडधाकट असलेली यंत्रं एका तारखेने जुनी ठरली. घरात, शाळेत, पतसंस्थेत असं एखादं पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावर एकदा लिनक्स टाकून बघा.