कर्नलच्या अंतरंगात – लेखांक ७ : फाइल उघडतानाची खोळंबाखोळंबी

लिनक्सवर जवळपास प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ‘लिबसी’ ही लायब्ररी उघडतो. कर्नल रूटपासून निघतो, तिथून ‘यूएसआर’, मग ‘लिब’, असं करत फाइलपर्यंत पोहोचतो. वाटेतल्या प्रत्येक नावाची नोंद, म्हणजे डेंट्री, बहुतेक वेळा मेमरीत तयारच असते. डिस्कला हात लावावा लागत नाही. तरीही भरपूर कोअर असलेल्या सर्व्हरवर हेच काम रखडायचं.

का?

कारण नुसतं बघायला आलेलाही काहीतरी लिहून जायचा. २.६.३७ पर्यंतच्या लिनक्समध्ये दर पायरीला त्या डेंट्रीचा स्पिनलॉक घ्यायचा, वापरणाऱ्यांचा आकडा एकने वाढवायचा, लॉक सोडायचा आणि पुढे गेल्यावर तोच आकडा कमी करायचा. कोणी वापरत असताना डेंट्री मेमरीतून पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने फाटकावरच्या एकाच वहीत सही करावी, तशी गत. रूटची डेंट्री तर सगळ्यांच्याच वाटेत. एका कोअरने तिथला आकडा बदलला की इतरांच्या कॅशमधली ती ६४ बाइटची ओळ बाद होते आणि पुन्हा मागवावी लागते. एमआयटीच्या संशोधकांनी २०१० साली ४८ कोअरच्या यंत्रावर लिनक्स तपासलं, तेव्हा अशा सामायिक आकड्यांवर बोट ठेवलं होतं.

निक पिगिन यांनी लिहिलेला उपाय मार्च २०११मध्ये २.६.३८मधून आला. त्याचं नाव आरसीयू-वॉक. यात वाटेतल्या डेंट्रींवर काहीच लिहायचं नाही. प्रत्येक डेंट्रीला एक क्रमांक असतो. नाव बदलणारा तो बदलाआधी आणि बदलानंतर वाढवतो. वाचणारा सुरुवातीला क्रमांक पाहतो, नाव जुळवतो, पुन्हा क्रमांक पाहतो. फरक दिसला, तर हाती आलेलं सोडून द्यायचं आणि गरज पडल्यास जुन्या, आकडे वाढवणाऱ्या पद्धतीने पुन्हा चालायचं. नाव मेमरीत नसेल, तरीही जुनी पद्धत, कारण आरसीयूच्या वाटेवर डिस्कची वाट पाहत झोपता येत नाही. पुसलेल्या डेंट्रीची जागा मात्र आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत मोकळी होत नाही. या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच: सुरक्षेचा भार वाचणाऱ्यावरून उचलून, क्वचित येणाऱ्या बदल करणाऱ्यावर टाकलेला आहे.

शेवटच्या डेंट्रीचा आकडा मात्र वाढवावाच लागतो, कारण फाइल खरोखर उघडायची असते. त्यासाठी २०१३मध्ये, ३.१२ आवृत्तीत, ‘लॉकरेफ’ आलं. चार बाइटचा लॉक आणि चार बाइटचा आकडा शेजारी ठेवून, लॉक मोकळा असेल तर आठही बाइट एकाच अविभाज्य सूचनेने बदलायचे. कॅशची ओळ अजूनही कोअर-कोअरमध्ये फिरते, पण लॉक घेऊन सोडण्याचा फेरा वाचतो.

मग उरतो फाइल डिस्क्रिप्टर. पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे नव्या फाइलला सर्वांत लहान रिकामा क्रमांक द्यावा लागतो, आणि एका प्रक्रियेतले सगळे थ्रेड तो एकाच तक्त्यातून घेतात. त्या तक्त्याचा लॉक आजही आहे.