बांधावरील झाडाच्या फांद्या : हक्क व जबाबदारी

उदगीर तालुक्याच्या काळ्या रानांत आंबा, चिंच, लिंब व बाभूळ ही झाडे बहुधा बांधालगत राखलेली आढळतात. त्यामुळे झाड एकाचे व सावली दुसऱ्याच्या पिकावर, अशी स्थिती उत्पन्न होते. फांदीखालील सोयाबीन वा ज्वारी उन्हाअभावी खुरटते. मग शब्दाने शब्द वाढतो, आणि प्रसंगी खोडाची साल काढून उभे झाड वाळविले जाते. यात पीक, झाड व शेजार या तिहींचीही हानी होते. म्हणून उभयतांनी आपापली जबाबदारी जाणून घ्यावी.

झाड कोणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ अन्वये जमिनीतील झाडांवर सामान्यतः त्या जमिनीच्या धारकाचा हक्क असतो. म्हणजे बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचे. फांदी हद्द ओलांडून गेल्याने तिची मालकी बदलत नाही; तसेच तिच्यामुळे होणारा उपद्रव दूर करण्याची जबाबदारीही झाडमालकाचीच राहते. हद्दीविषयी शंका असल्यास प्रथम भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

शेजाऱ्याचा हक्क कोणता? आपल्या जमिनीवर आलेली फांदी हद्दीपर्यंत तोडण्याचा हक्क शेजाऱ्यास आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली मान्य केले. फांद्या पुष्कळ वर्षे पसरलेल्या आहेत एवढ्यावरून त्या तशाच ठेवण्याचा हक्क मालकास वहिवाटीने मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच शतकाच्या अखेरीस ठरविले.

परंतु या हक्कास मर्यादा आहेत. झाडमालकाच्या रानात त्याच्या संमतीवाचून जाऊ नये. हद्दीपलीकडे कुऱ्हाड चालवू नये. तोडलेले लाकूड व फळे मालकाची असल्याने ती त्यास द्यावीत. तसेच आंबा, चिंच, जांभूळ आदी झाडांस महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत विनियमन अधिनियम, १९६४ लागू आहे. ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते; यास्तव मोठी फांदी काढण्यापूर्वीही त्याच्याकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

प्रत्यक्षात काय करावे? प्रथम मालकास समक्ष सांगावे व फांद्या काढण्याचा दिवस दोघांनी मिळून ठरवावा. आंब्याची फळे उतरल्यावर हे काम केल्यास मालकाचे उत्पन्न बुडत नाही. जाड फांदी खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी कापावी, मग वरून तोडावी. असे केल्याने खोडाची साल सोलपटून निघत नाही. राहिलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर सफाईने कापावा. जखमेस १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी.

मालकाने ऐकले नाही, तर लेखी सूचना देऊन तिची प्रत जपावी आणि गावातील तंटामुक्त समितीपुढे किंवा वडीलधाऱ्यांपुढे विषय मांडावा. ग्रामकार्यकर्त्यांनी अशा वेळी दोघांनाही बांधावर एकत्र आणावे व ठरलेली गोष्ट कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फांदी वेळीच छाटली तर पिकास ऊन मिळते, झाड टिकते आणि कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येत नाही.