तांदळाची आवड आणि निवडीतील चूक

गडचांदूरच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. एक पोते एचएमटी तांदळाचे. हे वाण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातले. नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ते निवडून वाढविले आणि लोकप्रिय घड्याळाचे नाव त्यास मिळाले. शेजारी जय श्रीरामचे पोते. समजा, एका महिन्यात शंभर घरांपैकी साठांनी एचएमटी नेला आणि चाळिसांनी दुसरा. दुकानदाराने यावरून काय समजावे?

अर्थ दोन संभवतात. साठ घरांस एचएमटीच हवा आणि चाळिसांस तो नकोच. ही आवडीची भिन्नता होय. किंवा शंभरही घरांची आवड सारखीच, परंतु प्रत्येक घर दहांतून सहा वेळा एचएमटी व चार वेळा दुसरा उचलते: कधी घाई, कधी वर आलेली कणी, कधी पाठविलेल्या पोराचा विसराळूपणा. यास यादृच्छिक त्रुटी म्हणतात. (शाळेत आम्ही नुसता धांदरटपणा म्हणत असू.) आकडा दोन्हीकडे साठच! पण दुसरे पोते ठेवणे बंद केले, तर पहिल्या प्रकारात चाळीस घरे दुकान बदलतील. दुसऱ्यात कोणी फारसे कुरकुरणारही नाही.

उकल उधारीच्या वहीत आहे. तीच घरे पुढील महिन्यातही पाहावीत. भिन्नता आवडीची असेल, तर वाण बदलणारे घर एकही सापडणार नाही. केवळ त्रुटी असेल, तर छत्तीस घरे दोन्ही वेळा एचएमटी नेतील, सोळा दोन्ही वेळा दुसरा, आणि अठ्ठेचाळीस घरे बदलतील. सवयीने मागचेच वाण मागणारी घरे हा हिशेब बिघडवितात, हेही खरे.

माणसाचा कौल पुनःपुन्हा घेतल्यास तो डळमळतो, हे थर्स्टन यांनी 1927 साली गणितात मांडले. मॅकफॅडन यांनी 1974 मध्ये निवडीचे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्याच्या आधारे अशा निवडींचा हिशेब करता येतो. 2000 साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या सूत्रातून आवड स्वतंत्रपणे हाती येत नाही. त्रुटीच्या मानाने ती किती, एवढेच कळते. म्हणून धांदरट गिऱ्हाइकाची प्रत्येक आवड फिकी दिसते, तांदळाची आणि पैशाचीही. समजा, चोखंदळ घरात एचएमटीच्या ओढीचे माप चार आणि एका रुपयाच्या बचतीचे दोन निघाले. धांदरट घरात दोन आणि एक. ओढ निम्मी भासते, पण भागाकार केला की दोघांचीही तयारी किलोमागे दोनच रुपये जास्त देण्याची.